बसलं म्हटल्याशिवाय चहा नाही

आमच्या सिंदी मेघ्यात नळ एक दिवसाआड यायचा, आणि तोही वेळ सांगून यायचा नाही. रांगेत गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, लावून आम्ही बायका ओट्यावर बसायचो. पाणी येईस्तोवर बोलायचं काय? मग ज्याच्या घरी जे असेल ते बाहेर निघायचं. कोणाची सासू, कोणाचा दीर, कोणाची म्हैस. माझ्याकडे म्हैस नव्हती. माझ्याकडे जमिनीखालचं मशीन होतं! एक किस्सा सांगितला की त्याला लागून दुसरा यायचा, आणि गुंड भरून वाहायला लागला तरी कोणी उठायचं नाही. यातले काही हसण्यासारखे आहेत, काही नाहीत. मला ते वेगळे करता येत नाहीत, म्हणून एकात एक सांगते.

मी हिंगणीची, सातवी शिकलेली. आमचे हे डिप्लोमावाले, वर्ध्याला एमआयडीसीत एका कारखान्यात. त्या कारखान्याला परदेशातलं काम मिळालं. तिकडे जमिनीखाली खूप खोल एक गोल बोगदा आहे. त्यात बारीक कण पळवायचं मशीन बसवायचं होतं. त्या मशीनचे लोहचुंबक एकेक एस.टी.हून लांब! एकेका चुंबकाखालचे तीन-तीन पाय आमच्या कारखान्यानं केले. मग कोणतं सामान कधी खाली न्यायचं, कुठं बसवायचं, याचा प्लॅन करायलाही तिकडच्यांनी इथलीच माणसं मागितली. वानखेडे साहेब सगळ्यांचे हेड, आमचे हे चार्ट काढणारे, आणि मुन्नाभाऊ क्रेनवाले. मुन्नाभाऊ आष्टीचे. तोंडात कायम खर्रा, तंबाखू-सुपारीचा.

आणि माझी पिंकी. जन्मापासून तिच्या हृदयाला छिद्र. चार पावलं पळाली की ओठ निळे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, वजन थोडं वाढू द्या, मग ऑपरेशन करू. मी रोज तिची नखं पाहायची. कपडे वाळत घालताना पाहायची, भाकर थापताना पाहायची. हे परदेशी जाणार हे कळलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पिंकीच्या ऑपरेशनले तुमी पाह्यजे."

हे म्हणाले, "प्लॅनमध्ये टाकतो."

* * *

सासूबाईंना ते काम समजावून सांगणं हेच एक मोठं काम होतं. ह्यांनी सांगितलं, "आई, त्या बोगद्यात बारीक कण गोल गोल पळवाचे, अन् समोरासमोर आपटाचे."

"मंग फुटले तं?"

"फोडाच्यासाठीच आपटतेत."

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "पाह्य! हिच्या हातून एक कप फुटला तं तू घर डोक्यावर घेतलं होतं!"

मग ह्यांनी सोपं करून सांगितलं, की फोडाफोडी आपल्याकडे नाही, आपल्याकडे फक्त इन्स्टॉलेशन. म्हणजे स्थापना. सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "अन् विसर्जन कधी?"

* * *

तेव्हा भारनियमन भारी होतं. कारखान्यातली लाइट गेली की तिघेही आमच्याकडे येऊन बसायचे, कारण आमच्या बाहेरच्या खोलीला दोन खिडक्या. फरशीवर खडूनं बोगदा काढायचे आणि काडेपेट्या लावायचे. एकेक काडेपेटी म्हणजे एकेक चुंबक.

अडचण अशी होती की बोगदा अरुंद. अर्ध्यात मशीन, अर्ध्यात गाडी जायला वाट. एक गाडी मधात उभी राहिली की मागचं सगळं थांबलं. म्हणून वानखेडे साहेबांचा एकच नियम होता. सगळ्यात आत जे बसवायचं, ते आधी न्यायचं. "लांबचं आधी!" दर दोन मिनिटांनी ते म्हणायचे. चहा आणला तरी म्हणायचे, "लांबचं आधी," म्हणजे कोपऱ्यातल्या मुन्नाभाऊंना पहिला कप.

एकदा पिंकी खेळता खेळता त्या खडूच्या बोगद्यात जाऊन मधोमध बसली. हे म्हणाले, "ऊठ बेटा, गाडी येऊन राह्यली." ती उठेना. तिला धाप लागली होती. मी धावले. वानखेडे साहेबांनी मला हातानं थांबवलं, सगळ्या काडेपेट्या गोळा केल्या आणि म्हणाले, "बसू द्या तिले. बोगदा दुसरीकडे काढू."

त्या माणसानं आठ वर्षांत कोणासाठी एक काडेपेटी हलवली नव्हती, असं मुन्नाभाऊ सांगतात.

* * *

जायच्या आधी आम्ही घर बदललं, त्याच गल्लीत. नवीन घराला पुढं खोली, मागं खोली, आणि मधात अरुंद बोळ. ह्यांनी सामान हलवायचाही चार्ट केला! कपाट मागच्या खोलीत जाणार, म्हणून कपाट आधी. लांबचं आधी.

पण सामान येईपर्यंत ऊन लागू नये म्हणून सासूबाई पिंकीला घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. आणि लोखंडी कपाट बोळात अडकलं. ना पुढं, ना मागं! मागच्या खोलीला दुसरं दार नाही. पिंकीच्या औषधाची वेळ झालेली, आणि बाटली माझ्या पिशवीत, कपाटाच्या अलीकडे. मी रडायलाच लागले.

मुन्नाभाऊंनी बाटली काठीला बांधून कपाटावरून पलीकडे सोडली. वानखेडे साहेब चार्ट हातात घेऊन उभे. "कपाट आधी, हे बरोबर हाय. पण कपाटाच्या आधी माणसं आत गेली, ते यात कुठं हाय?"

हे चार्ट उलटा करून पाहायला लागले.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "माही तं स्थापना झाली रे बापा! आता विसर्जनालेच काढा मले!"

* * *

ते गेले. माणूस सकाळी जमिनीखाली जातो आणि संध्याकाळी वर येतो, हे एकदा ठीक आहे. रोज कसा येईल? हे माझ्या डोक्यातून जायचं नाही. फोन रविवारी यायचा. हे सांगायचे, की खाली जाताना कमरेला एक डबा बांधतात, त्यात तोंडाला लावायचा मास्क असतो, हवा कमी झाली तर.

मी विचारलं, "कमी काऊन होईन?"

"होत नाई. डबा फक्त बांधाचा असते."

होत नाही तर बांधायचा कशाला? 

एका रविवारी फोन सासूबाईंनी उचलला. हे म्हणाले, "आई, उद्या पहिला उतरवाचा हाय. मोठा हाय, भेव वाटून राह्यलं." ह्यांचं म्हणणं, चुंबक वरून शाफ्टमधून, म्हणजे विहिरीसारख्या खोल खड्ड्यातून, खाली उतरवायचा. सासूबाईंना उतरवणं एकच माहीत, नजर उतरवणं! त्यांनी दुसऱ्या दिवशी मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या ह्यांच्या फोटोवरून उतरवून चुलीत टाकल्या. अख्खी गल्ली खोकली. पिंकीची छाती भरून आली, ओठ जांभळे झाले. तिला पदरात गुंडाळून ऑटोनं दवाखान्यात नेलं, वाफ दिली तेव्हा कुठं तिचा श्वास सुरळीत झाला.

पुढच्या फोनवर हे म्हणाले, "आई, मस्त उतरलं! धक्कासुद्धा लागला नाई."

पिंकीच्या उशाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "लागला. पण इकडे लागला."

* * *

मुन्नाभाऊंच्या खर्र्याची गोष्ट मला त्यांनीच सांगितली, नाहीतर मी खोटी म्हटली असती.

बोगद्यात चुंबक नेणारी गाडी आपोआप चालते. खाली जमिनीवर पांढरी रेघ मारलेली असते, गाडीच्या पोटाला डोळा असतो, तो रेघ पाहत पाहत जातो. बोगद्यात तंबाखूला सक्त मनाई. पण मुन्नाभाऊ कोपरा पाहून बसले, हातावर तंबाखू आणि चुना मळला, तोंडात टाकला आणि चुन्याचं बोट फरशीला पुसलं. बोट पुसलं ते नेमकं रेघेला लागून.

गाडी आली. पांढऱ्या रेघेला तिथं फाटा फुटलेला! डोळ्याला कळेना कुठं जायचं. गाडी उभी. मागची उभी. त्यामागची उभी. सगळ्या देशांचे इंजिनिअर धावत आले. तिथल्या गोऱ्या साहेबानं खाली वाकून ते पांढरं बोटावर घेतलं, वास घेतला आणि विचारलं, "हे मटेरियल कोणतं?"

मुन्नाभाऊ तोंड वर करून, रस न सांडता म्हणाले, "कॅल्शियम, सर. इंडियन ग्रेड!"

दुसऱ्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी पाटी लागली. पाटीवर फक्त एक बोट काढलेलं, आणि त्यावर फुली.

* * *

चुंबक उतरवताना वर मुन्नाभाऊ, खाली हे, आणि दोघांच्या हातात वॉकीटॉकी. उतरवायला खूप वेळ लागायचा.  वानखेडे साहेबांनी तिथंही नियम केला. वरच्यानं वरून काही ठरवायचं नाही. सामान खाली पोचलं म्हणजे झालं नाही, तिन्ही पायांवर टेकलं म्हणजेही झालं नाही. खालचा माणूस स्वतः हात लावून पाहणार आणि म्हणणार, "बसलं." तोवर कोणी हसायचं नाही, हात मिळवायचे नाहीत, आणि चहा तर नाहीच.

ह्यांचं "बसलं" आलं की मुन्नाभाऊ वरून ओरडायचे, "चाय!"

होता होता असं झालं की तिथल्या साऱ्या देशांच्या माणसांना आपल्याकडचे हे दोन शब्द पाठ. कोणी "बसलम्" म्हणे, कोणी "बास्ला". गोरा साहेब ऑफिसात खुर्चीवर टेकला तरी कोणीतरी मागून म्हणायचं, "बसलं!" आणि दुसरा म्हणायचा, "चाय!"

* * *

पिंकीचं वजन भरलं. डॉक्टरांनी तारीख दिली. मी फोनवर सांगितलं तेव्हा ह्यांनी तारीख दोनदा विचारून घेतली. त्याच आठवड्यात तिकडे ओळीनं सामान उतरवायचं होतं, आणि खालचा माणूस हेच.

वानखेडे साहेबांनी काही विचारलं नाही. ऑफिसच्या भिंतीवर मोठा चार्ट असायचा, एकेका ओळीत एकेका सामानाचं नाव, वजन, उतरवायची वेळ. त्यांनी मधली एक ओळ खोडली आणि तिथं लिहिलं, पिंकी.

मीटिंगमध्ये गोरा साहेब त्या ओळीशी थांबला. "हे कोणतं इक्विपमेंट? ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. वजन किती?"

मुन्नाभाऊ म्हणाले, "अकरा किलो, सर."

"फक्त अकरा? मग क्रेन पूर्ण बंद कशाला?"

"सर, लय नाजूक हाय."

साहेबानं एकदा वानखेडे साहेबांकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे. मग पेन घेऊन ओळीच्या शेवटी स्वतःची सही केली.

* * *

त्या ओळीएवढी सुट्टी घेऊन हे आले. आम्ही नागपूरच्या वॉर्डात. पलीकडच्या खाटेवर आर्वीकडची गुड्डी होती, पिंकीएवढीच, तेच दुखणं. दोघी एकमेकींना बिस्किटं द्यायच्या. पहिला नंबर पिंकीचा होता.

आदल्या दिवशी पिंकीला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, तापात करता येणार नाही, पुढं पाहू. तिच्या जागी त्यांनी गुड्डीला घेतलं. गुड्डीच्या आईनं माझे हात धरले. "ताई, तुमच्या पोरीचा नंबर माह्या पोरीले भेटला. देव तुमचं भलं करन."

गुड्डी आत गेली. बाहेर आली नाही.

तिच्या आईनं खाटेखालून लाल चपलेचा जोड उचलला, पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला. जाताना माझ्याजवळ थांबली. "ताई, तुमची घाई नका करजा."

हे खिडकीशी उभे होते. म्हणाले, "एक स्लॉट रिकामा झाला की मागचं पुढं सरकवाचं. हे मीच शिकवतो तिथं लोकाईले." 

ताप उतरेना, नवी तारीख मिळेना. तिकडचं काम मात्र पुढच्या ओळीवर येऊन उभं राहिलं होतं. मी म्हटलं, "नका जाऊ." हे म्हणाले, "एक ओळ साहेबांनी देली. दुसरी कुठून आणू?" पिंकी झोपलेली असताना तिची नखं पाहून ते गेले.

* * *

ताप उतरून ऑपरेशन झालं तेव्हा मी, सासूबाई आणि तो लांब व्हरांडा. पिंकीला बाहेर आणलं. इतक्या नळ्या, की पोर कोणती आणि नळी कोणती कळेना. डॉक्टरांना विचारलं, झालं ना? ते भले माणूस होते, पण म्हणाले, "आम्ही आमचं केलं. ती आपणहून उठून बसेपर्यंत मी काही म्हणणार नाही."

पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. फोन लावायला मी बूथवर गेलेच नाही. सांगू काय? तिकडून दवाखान्याच्या फोनवर फोन आला तर सासूबाईच घ्यायच्या आणि म्हणायच्या, "नाई अजून." मी गुड्डीच्या रिकाम्या खाटेकडे पाठ करून बसायची.

मग एका सकाळी मी तिच्या केसांत बोटं फिरवत होते, आणि पिंकीनं माझा हात बाजूला केला. खाटेचा दांडा धरला. नळीसकट. तोंड वाकडं केलं, एकदा कण्हली, आणि उठली. सासूबाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. मी तिची नखं पाहिली. गुलाबी.

मी चप्पल न घालता बूथवर पळाले. ह्यांनी लिहून दिलेला शाफ्टवरचा नंबर लागला. तिकडून क्रेनचा घरघर आवाज, आणि मुन्नाभाऊ, "हॅलो, शाफ्टवरून!"

"हॅलो," मी म्हटलं आणि धापा टाकत राहिले.

"कोण? वहिनी? वहिनी, बोला ना जी! काय झालं?"

"भाऊजी," मी म्हटलं, "बसली."

तिकडे क्रेन थांबली. मग मुन्नाभाऊंचा आवाज आला, पण माझ्याशी नाही. वॉकीटॉकीवर, वरून खाली, "भाऊ, बसली! ऐकून राह्यले का? बसली!"

खालून काहीच आलं नाही. मी फोन कानाला दाबून धरला. बूथवाला मीटरकडे पाहत होता. 

मग त्या खोल बोगद्यातून, कोणत्या देशाचा होता कोण जाणे, एक अनोळखी माणूस हळूच म्हणाला, "चाय?"