साडेसातचं गाणं आन तळेघरची आरती

न्हाई, मला जॅझ कळत न्हाई. मग गेलो कशाला म्हनाल, तर टेम्पो माझा हाय. टेम्पो जातो तिथं मी जातो. त्यात इचारण्यासारखं काय न्हाई.

पुण्याची चार पोरं व्हती, जॅझ फ्यूजनवाली. जुन्नर, घोडेगाव, तळेघर असा दौरा करायचा, लोकांसमोर वाजवलेलं जसंच्या तसं रेकॉर्ड करायचं आन त्याची सीडी काढायची. लाईव्ह अल्बम म्हनं. पुण्यात स्टुडिओ असताना इकडं कशाला, हे मी सामान चढवतानाच इचारलं. सॅक्सोफोन वाजवणारी रेवा म्हनली, "काका, स्टुडिओत लोक नसतात." बरं म्हनलं. आन मग त्याच लोकांना गप बसवायचं काम मलाच दिलं. हे मला आजपन उमगलं न्हाई.

आमच्या महाळुंगे पडवळहून सकाळीच निघालो. नारायणगावात मिसळ खाल्ली. तुमी जाणार असाल तर तिथंच खावा, पोटाला आधार ऱ्हातो. जुन्नरात मांडव मोठा, माणूस लई. पन गाणं रंगात आलं की निवेदक माईक घेऊन उठायचा. अमके आले, तमके आले, स्वागत करा. ड्रमवाला निनाद ऐन भरात व्हता, तर त्याला मधीच टोपी घालून नारळ दिला. नारळ मांडीत धरून पोरगं एका हातानं वाजवत ऱ्हायलं. रेकॉर्डिंग वाया.

दुसऱ्या दिशी घोडेगाव. कचेऱ्यांचं गाव, खानावळी बऱ्या हायत. कार्यक्रम सुरू झाला आन लाईट गेली. जनरेटर लावला, तर गाण्यापरीस त्योच जोरात. तेबी वाया. रातच्याला जेवाय बसलो. रेवा म्हनली, उद्याचं बिघडलं तर अल्बम न्हाई, आन अल्बम न्हाई तर ग्रुपपन न्हाई. दोघांना नोकऱ्या लागल्यात, ते आता सोडून जाणार. पोरीनं भाकरी अर्धीच टाकली.

तिसऱ्या दिशी वर तळेघरला निघालो. डिझेल घोडेगावातच भरा. डिंभे धरण मागं पडलं की घाट लागतो, वळणं वाईट, हॉर्न देत जावा. एस्ट्या मोजक्या, चुकली की पाय हायत. भाताची कापणी उरकल्याली, खळ्यावर नाचणी पडल्याली. एका बाईनं नाचणीची भाकरी आन ठेचा दिला, पोरांनी पाणी पीत पीत खाल्ला.

देवळापुढं सामान उतरवताना निनाद मला म्हनला, "काका, शेवटचं साडेसातचं आहे. त्यात मधे एक शांत जागा येते. तेवढी सांभाळा, कुणी मधे येऊ देऊ नका."

सरळ गोष्ट व्हती. मी गुरवाकडं गेलो. म्हनलं, यांचं शेवटचं साडेसातचं हाय, म्हंजे साडेसातला उरकंल, तवर आरती थांबवा. गुरव जरा कुरकुरला. "थांबतो पावणं. पन साडेसात म्हंजे साडेसात. देव काय तुमच्या गाडीची वाट बघणार न्हाई."

लोक शान्यासारखं बसलं. कोण खोकलंबी न्हाई. शेवटचं गाणं सुरू झालं. वाजता वाजता एकेक वाद्य थांबलं, नुसता रेवाचा बारीक सूर ऱ्हायला. हीच ती शांत जागा, मी वळखलं. आन देवळात घंटा वाजली. घड्याळात साडेसात.

समदं पटांगण उभं ऱ्हायलं. लोकांनी चपला मागं सारल्या, हात जोडलं. मंग आरतीच्या टाळ्या सुरू झाल्या. मी हात हलवून बसा बसा करत व्हतो, तर मागची म्हातारी म्हनली, "आरतीला बसवतोस व्हय रं?" मीपन उभाच व्हतो, बसवणार कुणाला?

पोरं थांबतील असं वाटलं. थांबली न्हाईत. निनादनं डोळं मिटलं आन घंटेच्या खालून वाजवत आला. टाळ्या एकीकडं, ड्रम एकीकडं. मधीच दोन्ही एका जागी यायचं, परत फाकायचं. रेवा वाजवताना हसत व्हती का रडत, मला सांगता येत न्हाई.

संपल्यावर निनादनं इचारलं, "काका, देवळात काय सांगितलं होतंत?"

"तुमीच म्हनला न्हवं साडेसातचं?"

त्यो टेम्पोच्या बोनेटवर टेकून हसाय लागला. म्हनला, साडेसात वाजता न्हाई, साडेसात मात्रांचं. बोनेटवर बोटानं वाजवून दावलं. सात मोजलं, मंग अर्धं. अर्ध्यावर टाळी कशी वाजवायची इचारलं, तर म्हनला, तेच शोधतोय. मंग मी म्हनलं, बिघडलं का जमलं तेवढं सांग. त्यो रेवाकडं बघाय लागला. तिला इचारलं तर ती म्हनली, "माहीत नाही काका."

सीडी काई महिन्यांनी घरी आली. म्हंजे जमलं आसंल. शेवटी तेच गाणं, घंटेसकट. ग्रुप टिकला का, ते सीडीवर लिवल्यालं न्हाई.

लावली तवा बायको चुलीपाशी व्हती. घंटा वाजली तशी ओल्या हातानं बाहेर आली. म्हनली, "कुणाची आरती हाय?"

म्हनलं, ठावं न्हाई.

तिनं पदर डोक्यावर घेतला आन गाणं संपंस्तवर हात जोडून उभी ऱ्हायली. तवा मी खाटेवर बसून ऱ्हायलो का उठलो, ते इचारू नका. त्यावर मी काय बोलणार न्हाई.