बेंबीतली गाठ

बेंबीत चामखीळ आली म्हणून कोणी डॉक्टरकडे धावतं का? मीही गेले नाही. हरभऱ्याएवढी जांभळट गाठ होती. सासूबाईंनी रीतीप्रमाणे घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधला. चार दिवसांत तिच्यातून रक्त आलं आणि माझी पाचावर धारण बसली. गावातली एक बाई अशाच गाठीने गेली होती. माझी मुलगी दहावीत. माझ्यामागे तिचं कसं होणार, याशिवाय मला दुसरं काही सुचेना.

कोल्हारहून नवऱ्याने मला संगमनेरला कातडीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. तिथे ती गाठ मेली अगदी शहाण्यासारखी गप्प! केस बांधल्याने रक्त आलं असेल म्हणत त्यांनी मलम दिलं. पुढे केस नसतानाही रक्त आलं. पुन्हा दाखवायचं ठरलं की नेमकी पाळी यायची. आमच्याकडे त्या दिवसांत बाई बाजूला बसते, मग दवाखान्यात कुठली जायला? जायचं पुढे ढकललं, आणि गेले तेव्हा गाठ पुन्हा शांत.

मागच्या वेळी का आला नाहीत, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. नवऱ्यासमोर सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र एकदम सावध झाल्या.

"रक्तही त्याच दिवसांत येतं का?"

आठवून पाहिलं. अगं बाई, खरंच की! बेंबीवर कापूस ठेवायचे ते बाजूला बसलेली असतानाच.

पाळी आली की त्याच दिवशी या, असं त्यांनी बजावलं. घरी हे कसं सांगू, म्हणून मी धास्तावले होते. पण पाळी आली त्या सकाळी सासूबाईच एसटीत माझ्या शेजारी, खेटून बसल्या. गाठ टम्म फुगून काळी पडली होती. तुकडा तपासायला गेला. निकाल येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

कॅन्सर नव्हता. गर्भाशयाच्या अस्तरासारखंच काहीतरी बेंबीत रुजलं होतं आणि पाळीबरोबर तिथूनही रक्त येत होतं. छोटं ऑपरेशन करून गाठ काढता येणार होती. पोटातही असं कुठे आहे का, तेवढं तपासायचं होतं. मी तिथेच हमसून रडले.

बाहेर बाकावर सासूबाईंनी पदराने माझे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "माझ्याबी पोटात त्या दिवसांत लई कळा यायच्या. गोठ्यापाशी एकलीच पडून असायची. कुनी इचारलंच न्हाई."