उंबऱ्यावरून दिलं-घेतलं जात नाही

आमच्या गावात, अल्फारेटात, मार्चमध्ये पाइनच्या झाडांचा पिवळा पराग सगळ्यावर बसतो. त्या शनिवारी मी सकाळीच व्हॅनच्या काचा पुसल्या. मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या, फोनचे चार्जर, बँडएड, सनस्क्रीन आणि जादा मोजे ठेवले. मुलीच्या गाडीची बॅटरी गेली होती आणि तिच्या रूममेटला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी ड्रायव्हर.

कॉलेजला आठवड्याची सुट्टी लागली होती, दोघी आमच्याकडे आल्या होत्या. मंगळवारी आमच्या राज्यात प्रायमरी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं मतदान. आपल्या उमेदवारासाठी दारोदार पत्रकं वाटायची, हे त्यांचं काम. त्याच शनिवारी संध्याकाळी त्यांचा कोऑर्डिनेटर एका विद्यार्थ्याला निवडून पुढच्या राज्यात प्रचाराला पाठवणार होता. रूममेट उरलेल्या सुट्टीत आपल्या घरी जाणार होती, तिला त्यात रस नव्हता. माझ्या मुलीला मात्र जायचंच होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं. ती लाजरी आहे. जे एकदा सांगते, ते महिनाभर मनात घोळवलेलं असतं.

नियम कोऑर्डिनेटरने पाठ करून घेतले होते. घरात जायचं नाही. काही खायचं नाही. टपालपेटीत पत्रक टाकायचं नाही, इथे ते बेकायदा आहे. मला नियम आवडले. मराठी माणसांना ते कसे जमणार, हा विचार मात्र माझ्या डोक्यात आला नाही.

एका स्थानिक चॅनेलला निवडणुकीत राबणाऱ्या विद्यार्थ्यांवर बातमी करायची होती, आणि कॅमेरा माझ्या मुलीवर आला. रिपोर्टरबाईंनी तिला एकाच घरापुढच्या ड्राइव्हवेवरून पुन्हा पुन्हा चालायला लावलं. ‘नॅचरल’ चाल हवी होती. शेवटी मुलीचा उजवा हात आणि उजवा पाय एकदमच पुढे पडायला लागले.

“आई, तू प्लीज गाडीतच बस.”

“बसलेय. पाणी पी.”

“कॅमेऱ्यासमोर पाणी नको देऊस.”

पुढचं दार फोनवरच्या यादीप्रमाणे आलं. ते नेमकं आमच्या मराठी मंडळातल्या काकूंचं निघालं. काकू-काका निवृत्त आहेत, मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला. मी रस्त्यापलीकडे काच खाली करून बसले होते. सगळं ऐकू येत होतं.

“अगं तू! ये, आत ये. ह्या कॅमेरावाल्यांनाही घे. चपला इथेच काढा म्हणावं.”

“काकू, मला आत यायला अलाउड नाहीये. हे फक्त पॅम्फ्लेट द्यायचंय.”

“मग आत येऊन दे. उंबऱ्यावरून काही देऊ-घेऊ नये.”

उंबरा म्हणजे दारातली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. पण काकू रोज तिच्यापुढे रांगोळी काढतात, तेव्हा तो उंबराच.

“नियम आहे काकू.”

“हाही नियमच आहे. टपालपेटीत टाक मग.”

“ते इल्लीगल आहे.”

“बरं, खाली ठेव. मी उचलते.”

मुलगी वाकली. पायपुसण्यावर उमेदवार हसरा चेहरा वर करून पडणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “अगं, माणसाचा फोटो पायपुसण्यावर? निवडणुकीच्या तोंडावर?”

रिपोर्टरबाईंनी कॅमेरामनकडे पाहिलं. त्याने मान हलवून चालूच ठेवलं.

शेवटी काकूच बाहेर आल्या. पत्रक हातात घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मागे दार धाडकन लागलं. मुलाने बसवलेलं आपोआप बंद होणारं कुलूप. त्याच क्षणी आतून कुकरची शिट्टी झाली. कॅमेरामन दचकून एक पाऊल मागे गेला, त्याला तो आगीचा अलार्म वाटला.

“डाळ आहे,” काकू त्याला मराठीतच म्हणाल्या. “तिसरीला बंद करायचाय.”

“काका?”

“झोपलेत. कानातलं मशीन काढून.”

काकूंनी “धर जरा” म्हणून पत्रक मुलीच्या हातात दिलं आणि बेल दाबत राहिल्या. बेल कॅमेऱ्याची, मुलाच्या फोनला जोडलेली; तिच्यातून त्याचा आवाज आला. तो रेडमंडमध्ये, नातवाच्या पोहण्याच्या क्लासला बसला होता.

“आई? हा कॅमेरा कसला? बाबा ठीक आहेत ना?”

“बाबा मजेत आहेत. दार उघड, कुकर लावलाय.”

“ही बाई कोण आहे माइक घेऊन?”

“टीव्हीवाली. तू आधी दार उघड यार.”

नातवाकडून उचललेला तो ‘यार’ ऐकून मी गाडीत एकटीच हसले. दुसरी शिट्टी झाली. काकूंच्या मुलाला फोनमध्ये कुलपाचं बटण सापडेना, तेव्हा माझी मुलगी बेलशी वाकून, एरवी कधी न ऐकलेल्या ठाम आवाजात म्हणाली, “दादा, अ‍ॅप उघड. खाली लॉकचं चिन्ह आहे. ते दाबून धर.” दार उघडलं. काकू आत पळाल्या, गॅस बंद केला आणि परत दारात येऊन उभ्या राहिल्या. आतल्या बाजूला.

पत्रक मुलीच्या हातात, बाहेरच्या बाजूला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग काकूंनी दारात एक चप्पल अडकवली, बाहेर आल्या, पत्रक घेतलं आणि म्हणाल्या, “मत कुणाला देणार ते मी ह्यांनासुद्धा सांगत नाही. पण हे पूर्ण वाचते.”

तेवढ्या वेळात रूममेटने उरलेली सगळी गल्ली एकटीने संपवली होती. मुलगी गाडीत बसली आणि तिने पराग लागलेलं नाक पुसलं. “आय डिड वन डोअर, मॉम. वन. तो मला कशाला पाठवेल?”

मी तिला मोजे बदलायला दिले. दुसरं काय देणार?

संध्याकाळी बातमी लागली. कॉलेजच्या कर्जाबद्दल तिने पाठ करून कॅमेऱ्यासमोर म्हटलेलं वाक्य कापलं होतं. होतं ते इतकंच: काकू हात पसरून बोलावतायत, मुलगी मान हलवतेय, शिट्टी. खाली अक्षरं होती, ‘परदेशी भाषेत संभाषण’. मुलीने उशी तोंडावर घेतली.

मग फोन वाजला. बातमी पाहून कोऑर्डिनेटरने केला होता. तिने स्पीकर लावला.

“शेवटपर्यंत आत गेली नाहीस?” त्याने विचारलं.

“नाही.”

“त्या बाईंनी खायला दिलं तरी?”

“तिथपर्यंत वेळच आली नाही.”

गेल्या आठवड्यात त्याचा एक मुलगा कुणाच्या तरी घरात शिरला होता आणि दुपारभर त्यांचं गॅरेज आवरत बसला होता. बाकीचेही दोन-चार दारांनंतर सोफ्यावर दिसतात, असं तो म्हणाला. “बॅग भर. बुधवारी निघायचंय.”

बुधवारी पहाटे गाडी आली. मुलगी बॅग घेऊन बाहेर गेली. मी स्वयंपाकघरातून धपाट्यांचा डबा आणला आणि दारातूनच हात पुढे केला. तिने हात मागे घेतला.

“आई, बाहेर ये.”

मी बाहेर गेले. दारात चप्पल अडकवायला विसरले नाही.