रहाटाच्या चालीनं

चाकणच्या तालमीत ज्योतीराम पैलवानाचा एकच धडा असायचा, दम कोंडा आणि जोर मारा. पोरगं मध्येच श्वास सोडताना दिसलं, की पाठीत धपाटा बसलाच म्हणून समजा. स्वतः त्यानं तीस वर्षं असाच दम कोंडला, कुस्त्या मारल्या, कान मोडून घेतले, आणि साठी आली तरी ती आलीय हे काही त्याच्या टाळक्यात शिरलं नाही. मग एकोणीसशे पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात जोर मारता मारता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि गडी हौदातल्या लाल मातीत तोंडावर पडला. खेडहून डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली आणि सांगितलं, की पैलवान, झालं तेवढं पुरे, आता व्यायाम बंद.

पैलवानाला व्यायाम बंद म्हणजे काय, हे डॉक्टरला कुठून कळणार! ज्योतीराम ओट्यावर बसून राहिला. जेवण तुटलं, दंड ओघळले, मुद्गलांची जोडी कोपऱ्यात धूळ खात पडली. मुलगा गेनू पिंपरीला कारखान्यात लागलेला, तिकडंच खोली करून राहायचा. घरात नवरा-बायको दोघंच. बायको गोजाबाई सकाळी परसातल्या आडावर पाणी ओढायची आणि हा गडी रहाटाची कुरकुर ऐकत बसायचा. आपण आता मेल्यातच जमा, असं त्याला खरोखर वाटत होतं.

महिनाभर हे बघितल्यावर गोजाबाईनं एका सकाळी दोन्ही मुद्गल पदरानं पुसले आणि आडाच्या कठड्याला आणून टेकवले. एकच घ्या, दमानं फिरवा, असं म्हणाली. त्यानं मुद्गल उचलला, आणि सवयीनं छाती फुगवून श्वास कोंडला.

“आवं, कशाला कोंडताय त्याला? जाऊ द्या की,” ती म्हणाली. “मी पोहरा ओढते तवा श्वास सोडते. हात हलवायच्या आधी जीव हातात न्यायचा, मग हात आपसूक येतो. डोळे मिटा आन् रहाट ऐका.”

बायकोकडून व्यायाम शिकायचा! तालमीत कळलं असतं तर पोरांनी टोपी उडवली असती. पण मेल्यात जमा झालेल्याला कसली आलीय लाज. त्यानं डोळे मिटले. रहाट फिरून पोहरा वर यायला लागला, की मुद्गल उचलायचा आणि श्वास सोडायचा. पोहरा खाली गेला, की मुद्गल पाठीमागं सोडून श्वास घ्यायचा. आठ-दहा दिवसांत त्याला तळहातात ऊब जाणवायला लागली, मग दंडात, मग पाठीच्या कण्यात. इतकी वर्षं त्यानं अंगाला बैलासारखं हाकलं होतं, आत काय चाललंय ते कधी डोकावून बघितलंच नव्हतं. दिवाळीपर्यंत गडी ताठ चालायला लागला. तालमीत जाऊन आपल्या वयाच्या माणसांना शिकवायलाही लागला. बरं, हे कुणी शिकवलं म्हणून लोकांनी विचारलं, तर बायकोचं नाव घ्यावं की नाही? छे! मला आपोआप उमगलं, असं सांगून पैलवान मोकळा.

पुढच्या वर्षी रहाटाची चाल मंद होत गेली. ज्योतीरामला वाटलं, बाई आता आपल्याला पुढचं शिकवतेय. तोही तिच्या मागोमाग हळू झाला. श्वास लांबला, मुद्गल जड लागेनासा झाला. कधी कधी पोहरा अर्ध्यावर आला की ती थांबायची. तेवढा वेळ तोही मुद्गल खांद्यावर तोलून उभा राहायचा, आणि त्याला फार शांत वाटायचं. एकदा त्यानं तिला शाबासकीसुद्धा दिली, की काय संथ ओढलंस आज, अशीच ओढत जा. तुमच्यासाठीच ओढतेय, असं ती म्हणाली. म्हणताना हसली असेल. त्यानं बघितलं नाही, डोळे मिटलेलेच होते.

पौषातल्या एका सकाळी रहाट असाच अर्ध्यावर थांबला. ज्योतीरामही थांबला. आज फारच लांबवलं हिनं, असं त्याला कौतुकानं वाटलं, आणि तो वाट बघत राहिला. मग दोर सुटला, रहाट गरगर फिरला आणि पोहरा पाण्यावर आदळला. त्यानं डोळे उघडले. गोजाबाई कठड्याला पाठ लावून खाली बसली होती. ओठ काळेनिळे पडले होते. पाय इतके सुजले होते की बोटांतली जोडवी मांसात रुतली होती. अशी सूज काही एका रात्रीत येत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

डॉक्टर पुन्हा आले. काळीज थकलंय, वर्षभर तरी धाप लागत असणार, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, असं त्यांनी विचारलं. शेजारची कुशाबाई रडत रडत सांगत होती, की पाणी मी ओढून देते म्हणून आषाढापासून हिच्या मागं लागले होते, पण ऐकेल तर शपथ. आपला रहाट थांबला तर पैलवान परत ओट्यावर बसतील, असं म्हणायची.

ती अकरा दिवस अंथरुणावर होती. ज्योतीराम उशाशी बसून तिचा एकेक श्वास ऐकत होता, आता. मला का नाही बोललीस, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं त्याचा हात चाचपून धरला.

“तुमचा श्वास नीट लागला हुता,” ती म्हणाली. “मोडावा वाटला न्हाई.”

बाराव्या दिवशी ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर गेनू म्हणाला, दादा, पिंपरीला चला, तिथं नळ आहे. ज्योतीराम गेला नाही. तो रोज सकाळी स्वतः पाणी ओढायला लागला. मुद्गल त्यानं पुन्हा हातात धरला नाही. त्याच्या मनात एकच होतं, की गोजा धडधाकट असतानाच्या त्या पहिल्या उन्हाळ्यातल्यासारखा रहाट एकदा तरी झपाझप वाजावा. त्यानं परोपरीनं करून बघितलं. पण त्याचं अंग ती चाल केव्हाच विसरून गेलं होतं. त्याला येत होती फक्त तिच्या शेवटच्या महिन्यांतली. दोर अर्ध्यावर आला की ती थांबायची तिथंच त्याचे हात आपसूक थांबायचे. मग तो उघड्या डोळ्यांनी कठड्याजवळच्या त्या जागेकडं बघत उभा राहायचा, आणि जरा वेळानं उरलेला दोर ओढायचा.