अक्कांचं विरजण

बाळंतिणीच्या घरी आलेले डॉक्टर आधी बाळ बघतात. आमच्या अक्का आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि दही मागायच्या. चमच्यानं कापून बघायच्या, चाखायच्या, मग विचारायच्या, "विरजण कोनं शे?" म्हणजे विरजण कोणाचं. दही घट्ट असलं की त्या घरच्या सासूला चार गोष्टी पटवणं सोपं, असं त्यांचं मत होतं.

अक्का मूळच्या साक्रीच्या. आमच्या असोद्यात दवाखाना थाटून पुष्कळ वर्षं झाली, तरी जिभेवरची अहिराणी सुटली नव्हती. साध्या पडशाला कंपाउंडरनं जालीम गोळ्या पुढे केल्या की त्या कडाडायच्या, "चोर एक शे, तू बठ्ठं गाव झोडी ऱ्हायना!" पोटातले जंतू म्हणजे त्यांच्या लेखी गावकरीच; एका चोरापायी सगळ्या गावाला का झोडपायचं?

नव्वदच्या आसपास माझं दुसरं बाळंतपण झालं. पहिली मुलगी महिन्याच्या आतच हगवणीनं गेली होती, म्हणून सासूबाईंनी या वेळी कंबर कसली होती. भांडी उकळलेली, शेजारणी उंबऱ्याबाहेर अडवलेल्या. माझ्या पिवळ्या चिकाला मात्र त्या नाक मुरडत होत्या. "घान हाये ते. पिळून टाक. तीन दिवस गुळपानी दे." पहिलीच्या वेळीही हेच केलं होतं. बाळ रडत होतं, पण सासूबाईंपुढे बोलायची माझी टाप नव्हती.

अक्का आल्या. दही चाखून म्हणाल्या, "मावशी, दूध चांगलं उकळलं, पण विरजणच नाही घातलं, तर दही लागेल का?"

"कसं लागीन?"

"लेकराचं पोट तसंच शे." बाळाचं आतडं जन्मताना जवळजवळ कोरं असतं. आईच्या अंगावरून, दुधातून चांगले जंतू येतात, तिथे वस्ती करतात. चीक त्यांना पोसतो. मग तेच शरीराच्या पहारेकऱ्यांना आपला कोण, परका कोण ते शिकवतात. अक्का हे सगळं चमचा हलवत सांगत होत्या. सासूबाईंनी गुळपाण्याची वाटी पुढे ओढली.

अक्कांनी खिडकीतून गोठ्याकडे पाहिलं. "गाय व्याली वाटतं. वासराला चीक पाजला का?"

"मंग! मीच पाजला. चीक नाही पाजला तं वासरू जगीन कसं?" सासूबाई फणकारल्या आणि तिथेच थांबल्या.

 अक्का उरलेलं दही खात बसल्या. सासूबाईंनी गुळपाण्याची वाटी उचलून मोरीत ओतली आणि बाळ माझ्या कुशीत दिलं. "पाज," एवढंच म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. त्या पहिलीसाठी रडत होत्या. मीही रडले.

मुलगा ठणठणीत वाढला. पुढे सासूबाई गावातल्या प्रत्येक बाळंतिणीकडे चीक पाजायला सांगायला अक्कांच्या आधी पोचू लागल्या. "मना धंदा बुडावशात मावशी!" म्हणून अक्का खदखदून हसायच्या.

वय झाल्यावर अक्का साक्रीला भावाकडे जायला निघाल्या. सासूबाईंनी निरोपाला काय द्यावं? बरणीभर विरजण! ती बरणी मांडीवर धरून अक्का एसटीत बसल्या. अख्ख्या रस्त्यात त्यांनी ती खाली ठेवली नसेल, याची मला खात्री आहे.

काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं. मी साक्रीला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. त्यांच्या वहिनीनं आग्रहानं जेवायला बसवलं. भातावरचं दही तोंडात घेतलं आणि न राहवून मी विचारलं, "विरजण कोणाचं?"

"तुमना असोदानं शे," वहिनी म्हणाल्या. "अक्कानी कधी संपू दिधं नै."