भटूनानांचं अर्धं कमळ

भटूनाना हट्टी माणूस, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं त्यांनी सुरतेजवळ उधन्यात, मागावर साडीचा काठ विणायला लागणारी पुठ्ठ्याची कार्डं पाडली. चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची आणि रंगवलेली चौकट आली की कार्डाला भोक. ते काम आता कॉम्प्युटर करतो. नानांकडे उरले पेटीभर कागद, आणि ते रद्दीत घालायला टपलेल्या त्यांच्या पत्नी सुंदराकाकू.

मी गणेश, त्यांचा शेजारी. बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. एकदा माझ्या मोबाइलवर नानांनी चाली जुळवायचं ॲप पाहिलं. पडद्यावर नुसत्या चौकटी, आडव्या मोजल्या की मात्रा, उभ्या मोजल्या की सूर. नाना ताडकन उठले, पेटीतून कमळाचा कागद आणला आणि बोटाने एकेक चौकट भरू लागले. वाजवलं, आणि देवाशप्पथ, अंगावर काटा आला! पाकळीच्या कडेने सूर वर वर चढत होते.

श्रावणातल्या सोमवारी कानबाई देवीची मिरवणूक निघते, तिच्यात हेच वाजवायचं, नानांनी ठरवून टाकलं. काकूंनी अट घातली. बायका नाचल्या तर पेटी राहील, नाहीतर मंगळवारी रद्दीवाला.

सोमवारी काकूच कानबाई डोक्यावर घेऊन पुढे. मी चाल लावली. बायकांनी फेर धरला, सूर चढले आणि टोकाला जाऊन गपकन तुटले. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच ठेच. बायका एकमेकींवर आदळल्या. कुणीतरी सिनेमाचं गाणं मागितलं. नानांचा चेहरा मला बघवेना.

एवढ्यात नानांनी कपाळावर हात मारला. कमळाच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून कार्डं अर्ध्याचीच पाडायची. टोकाला पोचला की माग स्वतःच उलटा फिरून उरलेलं विणतो. तीस वर्षांची सवय, इथेही अर्धंच भरलं! मोबाइलला कुठला आलाय माग?

मी भराभर तेच सूर उलट्या क्रमाने पुढे जोडले. चाल चढली, वळली आणि अलगद खाली उतरली. पावलंही तशीच वळली. काय नाचली हो सगळी गल्ली! काकू कानबाई सांभाळत गिरक्या घेत होत्या, आणि नाना माझा खांदा दाबून दाबून दुखवत होते.

मंगळवारी रद्दीवाला दारात ओरडला, तेव्हा नाना पेटीवरच बसले होते. काकूंनी त्याला परत पाठवलं. मग आतून स्वतःच्या लग्नातली साडी आणून नानांच्या मांडीवर पसरली.

"हाऊ काठ कसा वाजस, सांगा बरं."