डॅरिलचा खोकला

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत नंदू दातारला खाणीतला इंजिनिअर म्हणून फार थोडे ओळखत. रविवारी दुपारी पबच्या मागच्या अंगणात डॅरिलच्या शेजारी गिटार घेऊन बसणारा तो पुण्याचा माणूस, हीच त्याची ओळख.

डॅरिलने जन्मभर खाणीत ड्रिल चालवलं. आवाज गंजलेल्या पत्र्यासारखा, केस खांद्यापर्यंत. तरुणपणी सिडनीतली एक रेकॉर्ड कंपनी म्हणाली, केस काप, मागे व्हायोलिन घालू. "गाणं माझं, केसही माझे," म्हणून गडी परत आला. तेव्हापासून गाणं कागदावर उतरवायचं नाही, हा त्याचा नेम. लिहिलं की कुणीतरी विकतं.

नंदू मात्र चोरून लिहायचा, देवनागरीत, बंदिशीच्या वहीसारखं. डॅरिलच्या सगळ्यात आवडत्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी एक कोरडा खोकला यायचा. नंदूने इमानाने टिपलं, 'इथे खोकणे', आणि दोन वर्षं तो इमानाने खोकला.

"इन्फेक्शन झालंय का रे?" सरिता, त्याची बायको, विचारायची.

एकदा डॅरिलच्या लक्षात आलं. तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "मेट, ते गाणं नव्हतं. ती खाण होती." मग म्हणाला, "राहू दे पण. शोभतं तुला."

जूनमध्ये छातीत साचलेल्या त्याच खाणीने डॅरिलला नेलं. त्याची मुलगी केरी पर्थहून आली. बापलेकींनी वीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. ते शेवटचं कडवं तिच्यासाठीच होतं आणि आता ते फक्त नंदूच्या वहीत उरलं होतं. चुकलं असतं, तर कायमचं गेलं असतं.

रविवारी डॅरिलला निरोप द्यायला पबचं अंगण गच्च भरलं. नंदूच्या पाठीमागे भिंतीला फक्त रिकाम्या खुर्च्यांची चळत. वही मांडीवर घेऊन नंदू गायला लागला. खोकायचं नाही, हे त्याने घरूनच ठरवलं होतं. लेकीसमोर बापाची नक्कल नको.

ती जागा आली. ओठ मिटून तो एक मात्रा थांबला.

मागे, खुर्च्यांच्या बाजूने, कोरडा खोकला आला.

नंदूने मान वळवली नाही. शेवटचं कडवं त्याने एक अक्षरही न चुकता म्हटलं. केरी खाली मान घालून ऐकत राहिली.

लोक पांगल्यावर ती त्याच्याजवळ आली. "थँक्स, नंदू. खोकलासुद्धा अगदी डॅडचा काढलास."

"त्यांनीच शिकवला," नंदू म्हणाला, आणि वही तिच्या हातात ठेवून पाठीमागे न बघता अंगणातून बाहेर पडला.